अ‍ॅब्लेशननंतर ठोके पुन्हा का बिघडतात

एक प्रश्न आलाय: अ‍ॅब्लेशन (नळी घालून हृदयातला थोडा ऊतक मुद्दाम मारण्याचा उपचार) करूनही एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडण्याचा विकार), परत का येतं आणि पल्स्ड फील्ड या विजेच्या झटक्यांच्या नव्या पद्धतीने ते थांबेल का.

१९९८ मध्ये बोर्दोच्या हायसागेर यांच्या गटाने दाखवलं की एएफ सुरू करणारे अवेळी ठोके बहुतांशी फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमधून सुटतात. म्हणून त्या शिरांच्या तोंडाभोवती डागून व्रणाचं कडं करतात. त्यात कुठे ऊतक मेलं नाही, नुसतंच सुजलं, तरी त्या दिवशी विद्युतसंदेश अडतो. सूज उतरली की वाट पुन्हा मोकळी! कॅथेटर (हृदयात घातलेली ती नळी) भिंतीवर किती ग्रॅम जोराने टेकलाय हे सांगणारे सेन्सर आले ते यासाठीच.

पल्स्ड फील्डचा खरा फायदा मला सुरक्षिततेत दिसतो. उष्णतेऐवजी विजेचे अगदी क्षणिक झटके पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात. हृदयाच्या पेशी त्याने लवकर मरतात, मागची अन्ननलिका सहसा वाचते. २०२३ च्या अ‍ॅडव्हेंट चाचणीत यश मात्र जुन्या पद्धतीच्या बरोबरीचंच निघालं.

जास्त डागलं की जास्त गुण, असंही नाही. चिवट (आपोआप न थांबणाऱ्या) एएफमध्ये हा समज २०१५ च्या स्टार एएफ टू चाचणीने मोडला. त्यापेक्षा वजन, रक्तदाब, स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) आणि दारू (हो, तीही) आटोक्यात ठेवा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधडलं तर डॉक्टरांना जरूर कळवा, पण तेवढ्यावरून अ‍ॅब्लेशन फेल गेलं असं धरू नका.