लेस्टरला देव्हारे पाठवायचे आहेत : सामायिक कंटेनरच्या दोन दरांपैकी खरा कोणता?

सुतारशाळा, म्हार्दोळ (प्रश्न)

नमस्कार. म्हार्दोळ येथे आमची लहानशी सुतारशाळा आहे. फणसाच्या आणि सागवानाच्या लाकडाचे देव्हारे आम्ही घडवतो आणि डिचोलीच्या कारागिरांकडून घेतलेल्या पितळी समया त्यांच्या जोडीने विकतो. आजवर आमचा माल बेळगाव आणि सिंधुदुर्गाच्या पलीकडे गेलेला नाही. आता इंग्लंडमधील लेस्टर येथील एका दुकानदाराने ६ देव्हारे आणि ४० समया मागवल्या असून, दिवाळीच्या निदान १५ दिवस आधी माल दुकानात लागावा अशी त्याची अट आहे. करारात त्याने ‘एफओबी’, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी विकणाऱ्याची, असे लिहिले आहे.

देव्हाऱ्यांची प्रत्येकी एक अशी ६ खोकी होतील. खालच्या १५ सेंटिमीटरच्या लाकडी पायांसह प्रत्येकाचे माप ७० × ७० × ११५ सेंटिमीटर भरते. समयांच्या ६० × ५० × ५० सेंटिमीटरच्या ३ पेट्या होतील. एकूण वजन सुमारे ६२० किलो आहे. एवढ्या मालाला पूर्ण कंटेनर घेणे परवडणार नाही, म्हणून एलसीएलचे, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून पाठवण्याचे दर मागवले. एका फॉरवर्डरने, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करून देणाऱ्याने, घनमीटरला ५ डॉलर सागरी भाडे सांगितले, दुसऱ्याने ५५ डॉलर. पहिल्याचे पत्र चार ओळींचे आहे. दुसऱ्याने दोन पाने भरून तपशील दिला असून त्यात इंग्लंडमधील आकार पौंडांत वेगळे दाखवले आहेत. आमचे यजमान म्हणतात, भाडे अकरा पटीने स्वस्त असताना विचार कसला करायचा? माझे मन मात्र घेत नाही. शिवाय मुरगाव बंदर इतके जवळ असताना दोघेही न्हावाशेव्याचेच नाव का घेतात, हेही कळत नाही.

आयईसी (निर्यातदाराचा क्रमांक), बँकेच्या एडी कोडची सीमाशुल्काकडे नोंदणी आणि जीएसटी न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र (एलयूटी) ही कामे पूर्ण झाली आहेत.

वास्कोचा जुना सीएचए

ताई, आपले मन जे सांगते आहे तेच खरे आहे. सीमाशुल्क दलालाच्या (सीएचएच्या) कचेरीत माझी पंचवीस वर्षे गेली आणि ‘पाच डॉलरवाली’ पत्रे मी ढिगाने पाहिली.

बंदराचा प्रश्न लवकर सुटण्यासारखा आहे. मुरगाव हे १९६३ पासूनचे प्रमुख बंदर असले तरी त्याचा जीव खनिज, कोळसा अशा सुट्या मालावर आहे. एलसीएलला नियमित सुटणाऱ्या जहाजांबरोबरच असा कन्सॉलिडेटर लागतो, जो दहा-पंधरा जणांचा माल एकत्र करून दर आठवड्याला त्याच बंदरासाठी कंटेनर भरू शकेल, आणि तेवढा माल न्हावाशेव्यालाच जमतो. बाळ्ळीला कंटेनर कॉर्पोरेशनचे टर्मिनल आहे, परंतु त्याचा उपयोग पूर्ण कंटेनर भरणाऱ्यांना. आपला माल म्हार्दोळहून ट्रकने उरण परिसरातील एखाद्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या गोदामात जाईल, तिथे मोजला जाईल, शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या घोषणापत्रावर, सीमाशुल्काची परवानगी मिळेल आणि मग इतरांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये चढेल.

आता भाड्याचे गूढ. एलसीएलमध्ये सागरी भाडे हा एकूण खर्चाचा लहानसा तुकडा असतो. कंटेनर तिकडे पोहोचल्यावर तो गोदामात नेणे, उघडणे, माल वेगळा करणे, कागद देणे, या प्रत्येक कामाचा आकार तिकडचा एजंट माल घेणाऱ्याकडून वसूल करतो. माल त्याच्याच गोदामात अडकलेला असल्यामुळे घेणाऱ्याला घासाघीस करायला जागा उरत नाही. हे ठाऊक असल्याने काही कन्सॉलिडेटर इकडचे भाडे नाममात्र ठेवतात, कधी शून्य ठेवतात, तर कधी फॉरवर्डरलाच वर परतावा देतात, आणि ती सगळी भरपाई पलीकडच्या बिलात करून घेतात. इकडे आपण स्वस्तात सुटल्याचे समाधान मानतो आणि तिकडे ग्राहकाच्या हाती असे बिल पडते की तो दुसऱ्यांदा आपले नाव काढत नाही. म्हणून पहिल्या फॉरवर्डरला एकच प्रश्न लेखी विचारा: फेलिक्सस्टो किंवा इंग्लंडमधील ज्या बंदरात माल उतरेल तिथले सर्व आकार, प्रति घनमीटर आणि प्रति बिल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल वाहतुकीला घेतल्याची पावती), किती होतील? उत्तर द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर तेच उत्तर समजा.

मापाकडेही लक्ष द्या. भाडे घनमीटर किंवा १००० किलो यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागते. आपल्याकडे ६२० किलो म्हणजे ०.६२, तर घनमाप सुमारे ३.८३, त्यामुळे पैसे घनमापाचेच जातील. माप सीएफएसमध्ये खोक्याच्या सर्वांत बाहेरच्या टोकापासून घेतात, म्हणून पट्टीचे टोक बाहेर आले तरी ते मोजले जाते. देव्हाऱ्याचे शिखर सुटे करता येत असेल तर ते काढून गाभाऱ्याच्या पोकळीतच बांधून ठेवा. उंची ११५ वरून ७० सेंटिमीटरवर आली तर सहा खोकी ३.३८ ऐवजी २.०६ घनमीटरमध्ये बसतात. खोक्याचा माथा सपाट आणि वजन पेलणारा हवा. ‘वर काही ठेवू नये’ असे लिहिलेल्या नगाच्या वरची रिकामी जागाही तुमच्याच नावावर मोजली जाण्याची शक्यता असते.

करारातल्या ‘एफओबी’बद्दलही दोन शब्द लिहितो. एफओबीमध्ये जहाज आणि भाडे ठरवणे हे खरेदीदाराचे काम असते, मग दर आपण का मागवत आहात? दुसरे असे की अशा बोलींच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच (इन्कोटर्म्स) कंटेनरने जाणाऱ्या मालासाठी एफओबीऐवजी एफसीए, म्हणजे माल वाहकाच्या ताब्यात देईपर्यंतची बोली, सुचवलेली आहे, कारण माल आपल्या हातून सुटतो तो सीएफएसच्या दारात, जहाजावर नव्हे. दुकानदाराचा तिकडे स्वतःचा फॉरवर्डर असेल तर एफसीए करा. नसेल तर डीएपी लेस्टर, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी माल पोहोचवून देण्याची बोली, करा. मग दारापर्यंतचा खर्च आपल्याला आधीच मोजून किमतीत धरता येईल आणि तिकडचे आयात शुल्क व २० टक्के व्हॅट तो भरेल. दोन्हींच्या मधल्या अर्धवट बोलीत मात्र भांडणे होतात.

करवंटीकाम, म्हापसा

वरच्या उत्तरात पैशाची बाजू नीट आली आहे. मी माझ्यावर बेतलेले सांगते. करवंटीच्या वस्तूंची माझी पहिलीच खेप युरोपात जात होती आणि माझे कागद बिनचूक होते. त्याच कंटेनरमधील दुसऱ्या कोणाच्या तरी मालाचे वर्णन कागदाशी जुळले नाही आणि आम्हा सर्वांचाच कंटेनर तिकडच्या तपासणीत १९ दिवस अडकला. गोदामाचे भाडे आकारताना दोष कोणाचा हे कोणी पाहिले नाही. तेव्हापासून ग्राहकाने सांगितलेल्या दिवसाच्या आधी निदान तीन आठवडे मी हाताशी ठेवते. लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घातला, त्यात प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. आपले जहाज कोणत्या मार्गाने जाणार आहे, हे फॉरवर्डरकडून विचारून घ्या आणि दिवाळीचा हिशेब त्यावरून उलटा मोजा. कंटेनर भरेपर्यंतची वाट आणि तिकडे तो रिकामा करण्याचे दिवस यांची गणना जहाजाच्या वेळापत्रकात नसते.

लाकडाविषयी दोन गोष्टी. खोक्यांना कच्चे लाकूड वापरणार असाल तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय, शिक्का हवाच. त्यासाठी लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश सेल्सिअसची उष्णता सलग ३० मिनिटे द्यावी लागते, किंवा धुरी द्यावी लागते, आणि हे काम मान्यताप्राप्त केंद्रातूनच करावे लागते. प्लायवुडला ही अट नाही, म्हणून मी खोकी प्लायची करते. पण तुम्ही ज्या १५ सेंटिमीटरच्या लाकडी पायांचा उल्लेख केला आहे ते कच्च्या लाकडाचे असतील, तर सगळे खोके प्लायचे असूनही अडकेल. दुसरे म्हणजे शिसवाचा एखादा भागही देव्हाऱ्यात असेल तर आधीच सांगा. ते झाड दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या (साइट्स) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याचे नियम वेगळे आहेत. फणस आणि सागवान यांना ती अडचण नाही. मात्र आपल्या पावसाळ्यात ओल प्यालेले लाकूड इंग्लंडच्या हिवाळ्यात तापवलेल्या खोलीत गेले की सांध्यांत फटी पडतात. माझ्या एका ग्राहकाने असाच फोटो पाठवला होता. लाकूड नीट सुकवल्याशिवाय जोडू नका, हे सुताराला मी सांगणे म्हणजे आगाऊपणाच आहे, पण राहवत नाही.

विमा मात्र सोडू नका. ‘माझा माल माझ्या खोक्यात सुरक्षित आहे’ असे म्हणणाऱ्यांनी मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवे झालेले एव्हर गिव्हन हे जहाज आठवावे. मालकांनी ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केले, म्हणजे जहाज सोडवण्याचा खर्च जहाजाच्या मालकाबरोबरच जहाजावरच्या सर्व मालाच्या मालकांवर, ज्याच्या-त्याच्या मालाच्या मूल्याच्या प्रमाणात वाटला गेला. अशा वेळी हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही आणि सामायिक कंटेनरमध्ये तर सगळ्या भागीदारांच्या हम्या येईपर्यंत दार उघडण्याची वाट पाहावी लागू शकते. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘ए’ (सर्वांत व्यापक) प्रकारचा विमा मालाच्या सीआयएफ (विमा आणि भाडे धरून) किमतीच्या ११० टक्क्यांवर घ्या, ही हमी विमा कंपनी देते. विमा नसेल तर सागरी वाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांप्रमाणे वाहकाची जबाबदारी नगाला ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) किंवा किलोला २ एसडीआर यांपैकी जी जास्त तेवढ्यावर मर्यादित राहते. ही नगाची मर्यादा लक्षात ठेवून बिलावर ‘१ पॅलेट’ असे न लिहिता ‘९ नग’ असे लिहून घ्या.

पर्वरीकर

एवढा खटाटोप कशासाठी? मोपा विमानतळावरून विमानाने पाठवून द्या, आठवड्यात पोहोचेल.

वास्कोचा जुना सीएचए

विमानाच्या हिशेबात घनमीटरला सुमारे १६७ किलो धरतात. शिखर काढल्यानंतरही हा माल अडीच घनमीटर आहे, म्हणजे ४२० किलोंच्या आसपास. पण प्रत्यक्ष वजन ६२० किलो असल्याने आकार ६२० वर लागेल. समईसारख्या जड वस्तूवर प्रति किलो विमानभाडे देऊन दुकानदाराने ती कोणत्या भावाने विकायची? नमुन्याच्या दोन समया कुरियरने पाठवायच्या असत्या तर आपली सूचना योग्य होती.

सुतारशाळा, म्हार्दोळ

आपणा सर्वांची आभारी आहे. पहिल्या फॉरवर्डरला लेखी विचारले, तेव्हा दोन दिवस उत्तर आले नाही. मग तिकडचे आकार ५२० पौंड असल्याचे कळवले. दुसऱ्याच्या पत्रात ते २६५ पौंड आहेत. शिखरे सुटी करून माल २.५१ घनमीटरवर आणला आहे. त्यावर सागरी भाड्यातली आमची बचत साधारण १२५ डॉलर झाली असती आणि दुकानदाराचे नुकसान २५५ पौंडांचे. यजमानांनी हा हिशेब स्वतः कागदावर मांडला आणि त्यानंतर विषय काढलेला नाही. खोक्यांचे पायही आता प्लायचेच करतो आहोत.

करार डीएपी करून देण्यास दुकानदार तयार आहे. ३० टक्के आगाऊ रक्कम आली आहे आणि बाकीची माल सुटताना देतो असे तो म्हणतो. शंका एवढीच उरली आहे की दुसरा फॉरवर्डर आम्हाला ‘हाऊस बिल’ देणार आहे, जहाज कंपनीचे बिल नाही. हे चालते का?

वास्कोचा जुना सीएचए

एलसीएलमध्ये तसेच असते. जहाज कंपनी संपूर्ण कंटेनरसाठी कन्सॉलिडेटरच्या नावाने एक मास्टर बिल देते आणि कन्सॉलिडेटर त्यातल्या प्रत्येक मालधन्याला आपले हाऊस बिल देतो. म्हणजे जहाज कंपनी आपल्याला ओळखत नाही. कन्सॉलिडेटरने तिचे पैसे थकवले, तर आपले हाऊस बिल चोख असूनही माल अडकू शकतो. म्हणून असे बिल देणाऱ्याने १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्याखाली नौवहन महासंचालनालयाकडे एमटीओ (बहुविध वाहतूकदार) म्हणून नोंदणी केलेली आहे का, हे पाहा. नोंदणी क्रमांक सहसा बिलावरच छापलेला असतो, तो फॉरवर्डरकडून आधीच मागवून घ्या.

बाकी रक्कम ‘माल सुटताना’ देण्याच्या बोलीत सुटणे म्हणजे न्हावाशेव्याहून सुटणे की लेस्टरला हाती पडणे, हे स्पष्ट करून घ्या. मूळ हाऊस बिलांचा पूर्ण संच स्वतःकडे ठेवा, बिल दुकानदाराच्या नावाने न करता ‘टू ऑर्डर’, म्हणजे आदेशानुसार हस्तांतरित होणारे, करून घ्या, आणि ७० टक्के रक्कम बँकेत जमा झालेली पाहिल्यावरच ती बिले सरेंडर (परत जमा) करून तिकडे माल सोडण्याचा निरोप पाठवायला सांगा. फॉरवर्डरचा माणूस सोयीसाठी पहिल्याच दिवशी बिले सरेंडर करण्याविषयी विचारील, त्याला नम्रपणे नाही म्हणा. आणि ट्रक निघण्याआधी सीएफएसची माल घेण्याची शेवटची तारीख दूरध्वनीवरून पुन्हा एकदा विचारा. गोव्याहून ट्रक दीड दिवसात जातो असे वाहतूकदार सांगतो खरा, पण पावसात महामार्ग ६६ वर तो शब्द पाळला जाईलच असे नाही.