विषय : बाहुल्यांचं प्रदर्शन, आणि त्यात आपण कुठंच नाही!

प्रेषक : सांस्कृतिक समिती

मंडळी, नमस्कार. इथल्या संग्रहालयात जगभरच्या पारंपरिक बाहुल्यांचं प्रदर्शन लागलंय. पोरांना घेऊन जरूर जा. सिसिलीचे चिलखतवाले सरदार, व्हिएतनामच्या पाण्यावर नाचणाऱ्या बाहुल्या, सगळं आहे. भारताच्या दालनात मात्र राजस्थानी कठपुतळी आणि आंध्रच्या चामडी बाहुल्या. महाराष्ट्र शून्य! कोकणातल्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीसाठी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेसाठी) 2021 साली पद्मश्री मिळाली, तरी ही गत. निषेधाचं पत्र लिहायचं ठरतंय. मसुदा कोण करतंय?

उत्तर : वसमतची वहिनी

मी सध्या माहेरी आहे, पण आमचे हे पोरांना घेऊन जाऊन आले. धाकट्याचा फोनवर एकच प्रश्न : जपानी बायकांच्या बाहुल्यांना पाय का नाहीत? कुणाला माहीत असेल तर सांगा, डोकं खाऊन राहिलाय. पत्राचं तुम्ही बघा.

उत्तर : पैठणचे काका (जुने सभासद, आता घरीच मुक्काम)

वहिनी, आधी तुमचं. बुनराकूत, म्हणजे जपानी बाहुलीनाट्यात, एका बाहुलीला तीन माणसं लागतात. मुख्य कलावंत डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. बाईची बाहुली पायघोळ किमोनोत असते, म्हणून पाय बसवतच नाहीत. तिसरा गडी किमोनोचा घोळच असा हलवतो की ती चालल्यासारखी वाटते.

आता समितीला. निषेध-बिषेध राहू द्या की! ज्या आंध्रच्या कपाटापुढून तुम्ही नाराज होऊन निघालात, तिथंच आपली माणसं होती. तोलू बोम्मलाटा, म्हणजे तिथला चामडी बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ, करणारी बरीच घरं ‘अरे कापू’ समाजाची. खेळ तेलुगूत, घरातली बोली मराठी. धर्मावरमजवळच्या निम्मलकुंटा गावात या कलावंतांत शिंदे आडनाव सापडतं. असाच खेळ करणारे कर्नाटकातले किळ्ळेक्यात, तमिळनाडूतले मंडिकर, त्यांचंही तसंच. हे लोक तिकडं कसे गेले याची कारणं बरीच सांगतात. तंजावरला 1676 पासून भोसल्यांचं राज्य होतं, हे त्यातलं एक. मला विचाराल तर फिरस्त्या कलावंताला कुणाच्या राज्याची हद्द कधी आडवी आली? जिथं जत्रा तिथं पाल, आणि तिथल्याच भाषेत रामायण.

आणि मराठवाडा म्हणाल, तर कर्नाटकातल्या कोप्पळच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना तोगलु गोंबेयाटासाठी (तिकडच्या चामडी बाहुल्यांच्या खेळासाठी) 2025 ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांचं वय 96. कोप्पळ आणि आपण 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होतो. माझ्या गावाच्या नावाची ‘पैठण चित्रं’ पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. चित्रकथीवाले एकेक पान समोर धरून गोष्ट सांगत, त्यातली ही पानं. ते एका बाजूनं दिसणारे चेहरे, ते टपोरे डोळे बघा आणि मग चामडी बाहुली बघा. नातं सांगावं लागत नाही.

एक विचारतो. प्रदर्शनातली ती आंध्रची बाहुली भिंतीला टेकवून ठेवलीय की मागून उजेड सोडलाय? बकऱ्याचं कातडं उजेड आरपार जाईल इतकं पातळ करतात, दोन्ही बाजूंनी रंगवतात, दागिन्यांच्या जागी बारीक भोकं पाडतात. म्हणून पडद्यावर रंगीत सावली पडते. जावाच्या वायांगचं, म्हणजे तिकडच्या सावल्यांच्या खेळातल्या बाहुलीचं, कातडं म्हशीचं, सावली काळी. त्याचं सोनेरी रंगकाम बघायचं तर दलंगच्या, म्हणजे खेळ करणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसावं लागतं. आपली बाहुली उजेडाशिवाय टांगली असेल तर भांडायचं ते यावर भांडा, मी सही करतो.

उत्तर : सांस्कृतिक समिती

काका, भिंतीलाच टेकवलीय. तुमचं बरोबर आहे, पत्र बदलतो. दोनच मागण्या : मागून दिवा लावा, आणि पाटीवर ‘आंध्र प्रदेश’च्या खाली या कलावंतांची घरची भाषा लिहा. पिंगुळीचा उल्लेख मात्र ठेवणारच, आमच्यात कोकणातले चारजण आहेत, ते ऐकायचे नाहीत.

उत्तर : वसमतची वहिनी

धाकट्याला उत्तर पटलं. आता विचारतोय, मग बाप्यांच्या बाहुल्यांचे पाय हलवणाऱ्याला पगार जास्त असतो का?