'पिली' म्हणजे आपली कुसळीच का?

हवाईतल्या जुन्या घरांबद्दल वाचताना 'हले पिली' हा शब्द भेटला. हले म्हणजे घर, एवढं कळलं. पण 'पिली'चे दोन अर्थ सापडतात: एक गवत, आणि चिकटणे, बिलगणे. यांचा मेळ कसा बसतो? आणि त्या गवताला मराठीत काय म्हणायचं?

– – –

मेळ पायजम्याच्या काठाला बसतो. पिलीचं शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. हीच आपल्या माळरानावरची कुसळी. दिवाळीच्या सुमारास माळ तुडवून आलात की मोजे काढून तासभर बसायचं. कुसळ मागे ओढलं तर अडतं, पुढे ढकलूनच काढावं लागतं. त्याच्या शेपटीला पीळ असतो. ओल लागली की सुटतो, सुकलं की परत बसतो, आणि तेवढ्यात बी मातीत शिरतं. लॅटिन नावाने हा पीळ पाहिला, मराठीने टोक पाहिलं, हवाईयनने चिकटणं.

गंमत पुढे आहे. 'पिली'त नातंही येतं. 'पिलिआलोहा' म्हणजे जिवाभावाची मैत्री. आपणही विचारतोच की, "तो तुझा कोण लागतो?" कुसळही लागतं आणि मामाही लागतो!

– – –

भाषांतरात 'झोपडी' मात्र लिहू नका. लाकडी सांगाड्यावर गवताच्या पेंढ्या बांधून ही घरं छपरापासून भिंतीपर्यंत शाकारलेली असत. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये असं एक घर आहे. पिली नसेल तिथे उसाची पाती, नाहीतर 'हला'ची पानं (हला म्हणजे आपल्या केवड्याचा भाऊबंद, त्याच्या पानांच्या चटयाही विणत).

– – –

घराचा विषय निघालाच आहे तर दिव्याचंही सांगतो. 'कुकुई' म्हणजे जंगली अक्रोडाचं झाड, आणि 'कुकुई' म्हणजेच दिवा. भाजून फोडलेले तेलकट गर नारळाच्या हिरात ओवायचे आणि वरचा पेटवायचा. तो काही मिनिटांत संपतो, खालचा पेट घेतो. आपल्याकडे हिरांचा खराटा होतो, तिथे वात झाली. १९५९ पासून हे हवाईचं राज्यवृक्ष आहे.

– – –

पण कुकुई तिथलं मूळचं नव्हे हो. पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून नेलं, अळूसारखंच. हला मात्र माणसाच्या आधीपासून तिथे आहे, आणि बहुधा पिलीही. अळूवरून आठवलं: 'लूआउ' म्हणजे मुळात अळूचं कोवळं पान. ते नारळाच्या दुधात शिजवतात, आणि पुढे त्या भाजीचंच नाव अख्ख्या मेजवानीला पडलं. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला कोणी 'फदफदं' म्हटलेलं अजून ऐकलं नाही.

– – –

सगळ्यांचे आभार. मग 'हले पिली'ला 'कुसळीचं घर' लिहू का?

– – –

नको, वाचणाऱ्याचं अंग खाजेल. 'पिली गवताने शाकारलेलं घर' लिहा आणि कुसळी तळटीपेत टाका.