मिरजेत एकटे राहणे, घराचे बक्षीसपत्र आणि रिकामी दुपार

कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. मी 69 वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून मिरजेत स्वतःच्या घरात एकटी राहते. यजमान गेल्यापासून मुलगा आणि सूनबाई पुण्याला कायमचे चला म्हणून आग्रह करीत आहेत आणि त्या आग्रहात माया आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु येथे निवृत्तिवेतन पुरते, दवाखान्यांची मिरजेत वाण नाही, दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सारे ओळखतात. पुण्यात ती दोघे कामावर गेल्यावर दहाव्या मजल्यावर मी कोणाशी बोलणार, हा प्रश्न मला येथल्या एकटेपणापेक्षा मोठा वाटतो.

मुलाचे म्हणणे असे की, येथेच राहायचे असेल तर निदान घर आताच बक्षीसपत्राने त्याच्या नावे करावे, म्हणजे पुढे कागदपत्रांची धावपळ नको. हे करावे का?

दुसरी अडचण सांगताना थोडा संकोच वाटतो. सकाळची कामे दहापर्यंत उरकतात आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला कोणीही, कशासाठीही शोधत नाही. सारी नोकरी शाळेच्या घंटेवर काढलेल्या बाईला हे जड जाते. भजनी मंडळ आणि सहली यांपलीकडे काही सुचवाल का?

मुखत्यार

ताई, दिवाणी कामात आयुष्य गेलेले असल्याने घराविषयी लिहितो. महाराष्ट्रात मुलाला राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये लागते (स्थानिक अधिभार वेगळा), त्यामुळे “स्वस्तात काम होते, करून टाका” असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु नोंदणी झालेले बक्षीसपत्र आपल्या एकटीच्या इच्छेने फिरवता येत नाही. त्या दिवसापासून आपण आपल्याच घरात कायद्याच्या दृष्टीने मुलाच्या मर्जीने राहता. मुलगा सज्जन असेल, आहेच; पण उद्या त्याच्यावर कर्जाचा बोजा आला किंवा त्याच्या संसारात वाद झाला, तर ते घर त्याची मालमत्ता म्हणूनच धरले जाईल.

ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरणाकडून, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांकडून, रद्द करून घेता येते. मात्र अट सिद्ध करावी लागते, म्हणून द्यायचेच असेल तर हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट दस्तातच लिहून घ्यावी. माझे स्पष्ट मत विचाराल तर बक्षीसपत्र करूच नये. मृत्युपत्र करावे. त्याला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी ऐच्छिक असली तरी करून घ्यावी, आणि शेवटपर्यंत ते बदलता येते. मुलाची धावपळीची काळजी त्याने बहुतांशी मिटते.

जाता जाता बँकेचेही सांगतो. मुलाचे नाव खात्यावर लावताना ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ऐवजी (त्यात दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने पैसे काढू शकतो) ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असा पर्याय मागावा. त्यात आपण हयात असेतो व्यवहार आपल्याच सहीने होतात आणि पश्चात पैसे मुलाला विनासायास मिळतात.

दप्तरखाना

मुखत्यार यांच्याशी सहमत आहे. मला दुपारीविषयी लिहायचे आहे, कारण माझी दुपार मोडी लिपीने भरली.

आपल्याकडे जुने दस्त, फेरफार, वतनाचे कागद यांचे गठ्ठेच्या गठ्ठे मोडीत आहेत आणि ते वाचणारे थोडे आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचकांसाठी सर्वत्र किती शोधाशोध झाली, ते आपण वाचले असेलच. जुनी सरकारी कागदपत्रे जपणाऱ्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग भरतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे आणि आपल्याला जवळ म्हणाल तर कोल्हापूरला पुराभिलेखागार आहे. मिरजेहून रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते.

शिक्षिकेचा हात आणि डोळा येथे फार उपयोगी पडेल. मोडीत आधी आडवी शिरोरेषा ओढून घेतात, मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे जोडत जातात. दोन शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. पहिले काही आठवडे एकेका ओळीवर तास जातो. पण एकदा वळण बसले की गावातली माणसे पणजोबांच्या खरेदीखताची छायाप्रत घेऊन दारात येऊ लागतात. आपल्याला कोणी शोधत नाही, असे आपण लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. भजनाला आपण गेला नाहीत तरी भजन होते. येथे आपण बसला नाहीत तर तो कागद तसाच राहतो.

महर्षी कर्वे यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले ते 1936 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, हेही लक्षात असू द्यावे.

आळशी आजोबा

कर्व्यांचे उदाहरण ज्येष्ठांना द्यायची एक खोडच लागली आहे. प्रत्येकाने म्हातारपणी काहीतरी करून दाखवलेच पाहिजे का? ताईंना काम हवे आहे, त्यांनी जरूर मोडी शिकावी. पण ज्याला दुपारी झोपायचे आहे, त्याला झोपू द्यावे. स्वावलंबनात तेही येते.

नाशिकची लेक

मी पलीकडच्या बाजूने लिहिते, कारण माझी आई अशीच एकटी राहते. मुले घर मागतात किंवा “चला आमच्याकडे” म्हणतात, तेव्हा बहुधा त्यांना एकच चित्र दिसत असते: आई न्हाणीघरात पडली आहे आणि कोणाला पत्ता नाही. ती भीती घालवल्याशिवाय कितीही युक्तिवाद केले तरी उपयोग होत नाही.

आमच्याकडे न्हाणीघराची आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असे कुलूप बसवले, कमोडशेजारी स्टीलचा दांडा लावला आणि ओल्या फरशीवर पाय सरकू नये म्हणून खरखरीत फरशी घातली. किल्लीचा एक जोड शेजारच्या काकूंकडे असतो. आईचे ‘शुभ सकाळ’चे फूल व्हॉट्सॲपवर साडेसातपर्यंत आले नाही की मी फोन करते, तो उचलला नाही तर काकू दार उघडतात. या फुलांची पूर्वी मी थट्टा करीत असे. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताना तोल जातो, म्हणून पलंगाच्या कडेला थोडे बसून मग उठायचे, हे डॉक्टरांनी तिला शिकवले आहे. रात्री दिवा न लावता उठायचे नाही, हे मात्र ती अजून ऐकत नाही.

ताई, मुलाला पुढच्या वेळी घरी बोलावून ही कामे त्याच्याच हातून करवून घ्या. बक्षीसपत्राचा विषय त्यानंतर काढा.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. आजोबा, दुपारची झोप मी घेतेच, ती मोडीसाठीही सोडणार नाही. मृत्युपत्राचा मसुदा करून घेण्याचे ठरवले आहे आणि मुलाला ते आधी सांगणार आहे, नंतर नाही. दप्तरखाना, माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. बारीक, फिकट शाईचे कागद वाचणे जमेल का?

दप्तरखाना

बहुधा जमेल. मूळ कागद क्वचितच हातात येतो. छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर हवे तेवढे मोठे करून वाचता येते आणि फिकट शाई गडदही करता येते. शस्त्रक्रियेनंतर जवळच्या चष्म्याचा नंबर मात्र नव्याने तपासून घ्या, आणि पहिल्या वर्गाला येताना रेघांची वही आणा.