क्षत्रपांची चांदीची नाणी घ्यायचीत, खरी-खोटी कशी ओळखायची?

शहादेकर:
राम राम मंडळी. आत्तापर्यंत ब्रिटिश आणि संस्थानी रुपयेच जमवले. आता बाजारात एकाने चार क्षत्रप (जुन्या शक राजांची) नाणी आणि एक शिशाचं सातवाहन दाखवलंय. प्रकाशाजवळ तापीकाठी शेत सपाट करताना गाडगं निघालं म्हणतो. क्षत्रपाला नगाला दीड हजार. फोटो टाकलेत. रविवारपर्यंत घेतली नाहीत तर माल नाशिकला जाणार म्हणे.

जामनेरी गडी:
बठ्ठं खोटं शे भाऊ, पैसा देऊ नको.

जुनी टांकसाळ:
भाऊ, कारण तरी सांगा त्याला!

शहादेकर, दुसरं आणि चौथं नाणं शेजारी ठेवून बघा. राजाच्या हनुवटीखाली कडेला चीर आहे, ती दोन्हीवर तिथेच, तेवढीच. डोकंही दोन्हीकडे सारखंच डावीकडे सरकलंय. एकाच ठशाची दोन खरी नाणी मिळू शकतात, पण ठसा मारायची धातूची चकती दर वेळी वेगळी असते. ती वेगळी फाटते, ठसा वेगळ्या जागी बसतो. चीरसुद्धा जुळली म्हणजे एका नाण्यावरून साचा काढून दोन्ही ओतलीत. ही दोन तर गेलीच.

उरलेल्या दोघांची कड भिंगाखाली फिरवून बघा. कडेभोवती बारीक रेघ किंवा ती घालवायला कानस मारल्याच्या खुणा दिसल्या तर ओतीव. बारीक छिद्रं आणि धार गेलेली अक्षरं हीपण तीच लक्षणं. सराफाच्या काट्यावर साधारण दोन ते सव्वादोन ग्रॅम भरायला हवं.

थोडी ब्राह्मी शिकून घ्या, फार कामाला येते. मागे त्रिकूटाभोवती (तीन कमानींच्या डोंगराच्या चिन्हाभोवती) राजाचं आणि त्याच्या बापाचं नाव असतं, पुढे डोक्यामागे शकवर्ष. दामसेनाचा मुलगा विजयसेन असं वाचलंत तर वर्ष १६० ते १७२ च्या आसपास हवं. दोनशेच्या पुढचं निघालं तर पुढची बाजू एकाची, मागची दुसऱ्याची, म्हणजे खोटं.

शहादेकर:
चुंबक लावून पाहिलं, एकही चिकटलं नाही. मग चांदीच ना?

जुनी टांकसाळ:
तांबं, पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर, यातलं काहीच चिकटत नाही. चुंबकाने मुख्यतः लोखंडच पकडलं जातं.

शिशाच्या नाण्याला मात्र एक सोपी परीक्षा आहे. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवून धरा, तळाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने कोरडं वजन भागा. शिशाचं उत्तर ११ च्या आसपास येतं, जस्ताचं ७ च्या. क्षत्रपावर हे करू नका, दोन ग्रॅमच्या नाण्याला साधा काटा नीट पकडत नाही.

कोर्टकचेरी:
गाडग्याची गोष्ट ऐकून बोलतो. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे गोष्ट खरी असेल तर माल सरकारदरबारी जायला हवा, आणि खोटी असेल तर माल खोटा.

पारोळेकर:
त्याच्याकडे १८१८ सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबारवालं नाणंही असेल बघा. तसलं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही, तरी 'तांदूळ ओढतं', चमत्कारी आहे म्हणून लाखाने किंमत सांगतात.

शहादेकर:
आहे! दोन आहेत त्याच्याकडे. आणि सराफाकडे तोलून आणतो म्हटलं तर नको म्हणाला. मग घ्यायची तरी कुठून?

जुनी टांकसाळ:
पक्कं बिल आणि खोटं निघालं तर परत घेण्याची लेखी हमी देणाऱ्या दुकानदाराकडून. हजार-पाचशे जास्त जातील, जाऊ द्या. त्याआधी नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघून या. खऱ्या नाण्यांच्या कडा डोळ्यात बसू द्या. क्षत्रप कुठे पळून जात नाहीत, जोगळटेंभीला १९०६ साली एकट्या नहपान या क्षत्रप राजाचीच तेरा हजारांवर निघाली होती.