हिब्रूत सर्वनाम केव्हा गाळावे?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)
माझ्या बेने इस्रायली बालमैत्रिणीचे कुटुंब इस्रायलमध्ये स्थायिक झाले आहे आणि तिच्या नातवाशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून मी साठीनंतर हिब्रू शिकते आहे. मराठीत ‘बाजारात गेले होते’ म्हटले की ‘मी’ वेगळे सांगावे लागत नाही. त्याच सवयीने परवा व्हिडिओ कॉलवर मी ‘होलेखेत लाशूक’, म्हणजे ‘बाजारात जाते’, असे म्हटले. त्यावर त्याने ‘मी?’ असे विचारले, मी ‘हो, मीच’ म्हणाले, आणि पुढे बोलणेच खुंटले. पुस्तकात मात्र भूतकाळातली वाक्ये सर्वनामावाचून दिलेली आहेत. मग नियम कोणता? शिवाय मैत्रिणीच्या यजमानांना ‘आता’, म्हणजे ‘तू’, म्हणायला जीभ रेटत नाही. आदरार्थी रूप कोणते?

उत्तर १
ताई, त्याची शंका रास्त होती. हिब्रूत ‘मी’ म्हणजे ‘कोण’. आपल्या ‘मी’ला तिकडे ‘अनी’ म्हणतात. ‘हू’ म्हणजे तो आणि ‘ही’ म्हणजे ती, तेव्हा दिवसभर गुजराती ‘हुं’, म्हणजे ‘मी’, ऐकणाऱ्या आपल्या कानांनी इथेही सावध राहावे.

‘होलेखेत’ या रूपावरून जाणारी स्त्री आहे आणि एकटी आहे एवढेच कळते. ती मी, तू की आणखी कोणी, हे कळत नाही, कारण हिब्रूतला वर्तमानकाळ मुळात धातुसाधित असून त्याला पुरुषवाचक प्रत्यय लागत नाही. होलेख, होलेखेत, होल्खिम, होल्खोत अशी लिंगवचनाची चारच रूपे आहेत. आपल्याकडेही नुसते ‘जातो’ ऐकले तर मी की तो, हे संदर्भावरूनच ठरते. ‘जातोस’मधला ‘स’ तेवढा ‘तू’ला वेगळा काढतो. हिब्रूत तो ‘स’ही नाही, म्हणून ‘अनी होलेखेत’ असे पूर्ण म्हणावे.

भूतकाळात मात्र हालाख्ती (मी गेलो किंवा गेले), हालाख्ता (तू गेलास), हालाख्त (तू गेलीस) या रूपांत कर्ता प्रत्ययातच आलेला असतो, त्यामुळे तिथे सर्वनाम खुशाल गाळावे. तृतीय पुरुषी ‘हालाख’ला असा प्रत्यय नसल्याने ‘हू’ बहुधा ठेवतात. भविष्यकाळातले ‘तेलेख’ जपून वापरावे, कारण पुरुषाला उद्देशून ‘तू जाशील’ आणि ‘ती जाईल’ ही दोन्ही त्याच रूपाने सांगतात.

उत्तर २
आदराविषयी लिहितो. आजच्या बोलीत पुरुष लहान असो वा वडीलधारा, त्याला ‘आता’ आणि स्त्रीला ‘आत’ म्हणतात. ‘अतेम’ हे अनेकांसाठी आहे. एकट्या व्यक्तीला आदराने ‘अतेम’ म्हटल्यास ऐकणारा आणखी कोण आले आहे ते पाहील. आपल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला, तसेच गुजरातीच्या ‘अमे’ आणि ‘आपणे’ यांतला भेदही तिकडे नाही. दोन्हींसाठी एकच ‘अनाख्नू’. मला स्वतःला ही उणीव फार जाणवते.

उत्तर ३
एक जागा मात्र मराठी माणसाला सोपी जाते. ‘मला भाऊ आहे’ हे हिब्रूत ‘येश ली आख’ असे होते: ‘येश’ म्हणजे आहे, ‘ली’ म्हणजे मला. ‘ल’ या शब्दयोगी अव्ययालाच सर्वनामाचा प्रत्यय जोडून ली, लो (त्याला), ला (तिला) ही रूपे होतात. ‘माझा, माझी, माझे’ असा बदलही नाही. घर असो वा कुटुंब, ‘शेली’च.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. आज ‘अनी होलेखेत लाशूक’ असे म्हटल्यावर त्याने लगेच विचारले, ‘मा तिक्नी?’ म्हणजे ‘काय विकत घेशील?’ या ‘तिक्नी’त ‘आत’ नव्हते, तरी प्रश्न मलाच आहे हे मला शेवटच्या ‘ई’वरून कळले.