घरी पहिल्यांदा गाडी धुतली तेव्हा... (अनुभव धागा)

दसऱ्याला गाडी धुणं आपल्याकडे घरोघरी होतं. एरवी ते काम सोसायटीत पहाटे येणाऱ्या मुलाकडे नाहीतर वॉशिंग सेंटरकडे असतं. त्या मुलाला दोष देत नाही, एका बादलीत आणि एका फडक्यात त्याला सगळी रांग उरकायची असते. पण पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीवर घासली जाते, हेही खरं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात एखाद्या गडद रंगाच्या गाडीचं बोनेट बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतील. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. पॉलिश करून ओरखडे घालवायचे म्हणजे त्यातलाच थोडा थर तासून काढायचा. म्हणून ओरखडे मुळात पडूच नयेत, यातच शहाणपण आहे.

तर पहिल्यांदा स्वतः गाडी धुतलीत तेव्हा काय कळलं, ते लिहा. पाणी कुठलं, किती लागलं, जागा कशी, पुसली कशाने, हे जरूर सांगा. महागड्या बाटल्यांची नावं कमी असली तरी चालतील.

माझ्यापासून सुरुवात करते. पुण्यात राहते, पार्किंगमध्ये नळ नाही, त्यामुळे पाणी बादल्यांनी लिफ्टमधून खाली नेलं. फडकं लावायच्या आधी नुसत्या पाण्याने गाडी भिजवली, टपापासून सुरुवात करून मगाने हळूहळू. मग एका बादलीत कार शांपू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवायचा, एक दरवाजा पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा, मगच परत शांपूत. अर्धी गाडी झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीत हात घालून तळाची रेती चिमटीत धरली. कणीदार, करकरीत रेती. दुसरी बादली नसती तर ही सगळी बोनेटवर फिरली असती, हे त्या चिमटीने जेवढं पटवलं तेवढं कुठल्या व्हिडिओने पटवलं नव्हतं. हात गोल फिरवत नाही, सरळ रेषेत फिरवते. चाकं शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं. ब्रेकची लोखंडी पूड त्यावर असते, ते फडकं रंगाला लावायचं नाही.

चांदा ते बांदा (चंद्रपूर)

आमच्याकडे कोळशाची पूड आणि सिमेंट. रात्री पांढरी गाडी लावली तर सकाळी टपावर बोटाने नाव लिहिता येतं. ही पूड कोरड्या फडक्याने झटकायची नाही, ती पसरते आणि घासते. आधी भिजवायची. एवढं एक सूत्र पाळलं तरी निम्मं काम झालं.

दुसरं म्हणजे वेळ. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. सकाळी नऊ वाजता बोनेटला हात लावून बघा. तापलेल्या पत्र्यावर शांपू धुवायच्या आत वाळतो आणि पट्टे पडतात. मी पहाटे साडेपाचला धुतो, रात्रभरात पत्रा गार झालेला असतो. संध्याकाळी धुवायची तर इंजिन बंद करून तास-दीड तास सावलीत उभी राहू द्यावी.

बांधावरचा (लातूर जिल्हा)

धागा बघून थोडं थांबलो. आमच्या भागात गाडी धुणं म्हटलं की आधी पाण्याचा प्रश्न येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस पाइप लावून गाडीवर पाणी सोडू शकत नाही. माझा हात तरी धजत नाही. आमच्या नळाखाली वीस लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते. म्हणजे पाइप दहा मिनिटं चालू राहिला तर दीडशे लिटर गेलेच.

म्हणून पहिल्यांदा घरी धुवायची ठरवली तेव्हा फवारणीचा पंप काढला. पाठीवरचा, बॅटरीचा, सोळा लिटरचा. हे ठळक अक्षरांत वाचा: पंप कोरा हवा. औषध किंवा तणनाशक एकदाही मारलेला चालणार नाही. तो कितीही धुतला तरी नळीत आणि नोझलमध्ये अंश राहतो, आणि आपण उघड्या हातांनी, पोराबाळांसमोर गाडी धुतो. मी गाडीसाठी वेगळा घेतला आणि त्यावर रंगाने 'गाडी' असं लिहून ठेवलं, म्हणजे गडी माणूस चुकून शेतात नेणार नाही.

नोझल पंख्यासारखा फवारा देणारा लावला. टपापासून सुरुवात. फवारा इतका बारीक की पाणी उडत नाही, पत्र्याला चिकटून खाली ओघळतं आणि धूळ सोबत घेऊन जातं. दरवाजाच्या खालच्या भागावर चिखल वाळून पापुद्रा झाला होता. तिथे फवारून पाच मिनिटं सोडून दिलं, तेवढ्यात काचा केल्या. परत आलो तर पापुद्रा फुगून सुटला होता, पुन्हा फवारा मारल्यावर सरकन खाली आला. हात लावावा लागला नाही. मग अर्ध्या बादलीत शांपू, आणि शेवटी उरलेल्या पाण्याने धुवून काढलं. एक पंप आणि एक बादली, एवढ्यात गाडी निघाली.

गाडी उभी केली होती बांधालगत, कडुनिंबाखाली, मुरमाच्या जागेवर. भाजीपाल्याच्या वाफ्यापासून आणि आडापासून मुद्दाम लांब. साबणाचं पाणी कुठे मुरणार, हे आधी बघावं.

दुसरी बादली (कोल्हापूर)

@बांधावरचा काका, पंपाची युक्ती फार आवडली. एक विचारायचं होतं. भांडी घासायचा साबण किंवा कपड्यांची पावडर चालते का? घरात तेच असतं.

बांधावरचा (लातूर जिल्हा)

ताई, पावडर नको. ती क्षारीय असते, आणि न विरघळलेले कण घासले जातात. भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे गाडीवर मेण लावलं असेल तर तेही निघून जातं. एखाद वेळी वापरल्याने गाडी बिघडत नाही, पण सवय नको. कार शांपू बादलीला दोन-तीन झाकणं लागतो, बाटली पुष्कळ दिवस पुरते.

लाल माती (दापोली)

आमच्याकडचं दुखणं खालून येतं. वर चकचकीत दिसणाऱ्या गाडीच्या मडगार्डच्या आत हात घालून बघा. आतल्या कडेला पत्रा दुमडलेला असतो आणि त्या खोबणीत जांभ्याची लाल माती ठासून बसते. ती पावसाळाभर ओली राहते आणि गंज तिथूनच धरतो. पहिल्यांदा मी स्वतः धुतली तेव्हा चाक पूर्ण वळवून बोटांनी खरवडून काढली. मूठभर निघाली, आणि ती फक्त एका चाकाची.

मुंबई-पुण्याहून येणारे लोक किनाऱ्यावर वाळूत गाडी घालतात. ते करूच नये, वाळू आणि तिथले जीव यांच्यासाठीही आणि गाडीसाठीही. पण किनाऱ्यालगतच्या रस्त्याने खारा वारा खात फिरलात, तरी घरी गेल्यावर गोड्या पाण्याने खालची बाजू, चाकांच्या कमानी, सायलेन्सरचा भाग नीट धुवा. टप नंतर धुतलात तरी चालेल.

आणखी एक जागा कुणी बघत नाही. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निचरायची बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी दरवाजाच्या पोटात साठतं आणि दरवाजा लावताना आतून डुचमळल्याचा आवाज येतो. लाकडी काडीने भोकं मोकळी करा. वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळाही काढा, पावसाआधी तर नक्कीच.

झेंडू (नाशिक)

दसऱ्याचा विषय निघालाच आहे तर पूजेनंतरचं लिहिते. आमच्या घरी खंडेनवमीला गाडी धुतात आणि दसऱ्याला पूजा. सासूबाई पूर्वी बोनेटवर ओल्या हळदी-कुंकवाने स्वस्तिक काढायच्या. पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग राहतो. तो उन्हात हळूहळू फिका पडतो, घाबरून घासू नये. कुंकवाचा मात्र हट्टी असतो. पहिल्यांदा मी गाडी धुवायला घेतली तेव्हा त्यांच्याशी बोलून ठरवलं की स्वस्तिक पुढच्या काचेवर कोपऱ्यात काढायचं. काचेवरून ते पाण्याने सहज निघतं. त्यांनी लगेच मानलं, म्हणाल्या, "देवाला काच काय नि पत्रा काय."

झेंडूची माळ तारेत ओवलेली नको, दोऱ्यात ओवा. चालत्या गाडीत तारेचं टोक रंगावर घासतं. नारळाचं पाणी बंपरवर उडालं असेल तर त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

कावेरीकाठी मराठी (बेंगळुरू)

२०२४ च्या मार्चमध्ये इथे पाणीटंचाई इतकी वाढली की पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी आली, मोडली तर ५,००० रुपये दंड. मी घरी गाडी धुवायला शिकले ती त्या बंदीमुळे. एसीचं पाणी बादलीत जमवलं आणि त्यात नो-रिन्स प्रकारचं द्रावण घातलं, जे नंतर धुवावं लागत नाही. सात-आठ मऊ फडकी त्यात भिजवायची, एका भागाला एक फडकं, घडी उलटवत पुसायचं आणि ते फडकं परत बादलीत घालायचं नाही. हलक्या धुळीला हे उत्तम. चिखलाने माखलेल्या गाडीला हे चालत नाही, तिथे आधी पाणी मारावंच लागतं.

ऱ्हाइनपार (जर्मनी)

इथे घरी गाडी धुण्याचे नियम गावागावाचे वेगळे. तत्त्व एकच, तेल आणि साबण मिसळलेलं पाणी जमिनीत मुरता कामा नये. त्यामुळे आम्ही नाणं टाकून चालणाऱ्या वॉश बॉक्समध्ये जातो. तिथल्या जमिनीखाली तेल वेगळं करण्याची सोय असते. हाय-प्रेशरची नळी पत्र्यापासून निदान फूटभर लांब धरायची. रबर, स्टिकर आणि खडीने टवका उडालेल्या जागा यांवर रोखायची नाही. तिथला फेसाचा ब्रश मी वापरत नाही, आधीच्या गाडीची रेती त्यात असते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून दापोलीच्या ताईंचं 'आधी खालून' इथेही तंतोतंत लागू पडतं.

दुसरी बादली (कोल्हापूर)

इथलं वाचून आज सकाळी धुतली! गाडी सुंदर दिसतेय, हात अजून गाडीवरून फिरतोय. पण वाळल्यावर काळ्या भागावर पांढरे ठिपके उमटले. पाणी बोअरचं आहे.

धागाकर्ती (पुणे)

अभिनंदन! ते ठिपके क्षारांचे आहेत. थेंब उडून जातो, त्यातलं कॅल्शियम मागे राहतं. ताजे असतील तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग पाणी करून मऊ फडक्याने अलगद लावा, मिनिटभरात साध्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. उन्हात करू नका. पुढच्या वेळी शेवटचं पाणी शक्य तर नळाचं घ्या आणि गाडी आपोआप वाळू देऊ नका. मोठा, जाड मायक्रोफायबरचा टॉवेल टपावर पसरायचा आणि ओढून घ्यायचा, तो पाणी पितो. आरओ फिल्टर बाहेर टाकतो ते वाया जाणारं पाणी मात्र शेवटी वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

चांदा ते बांदा (चंद्रपूर)

यात भर घालतो. पक्ष्यांची विष्ठा दिसली तर धुण्याच्या दिवसाची वाट बघू नका. ती आम्लधर्मी असते, उन्हात क्लिअर कोटमध्ये उतरते. ओलं फडकं पाच मिनिटं तिच्यावर ठेवायचं, मऊ झाली की उचलून घ्यायची, घासायची नाही.

दुसरी बादली (कोल्हापूर)

दोघांचेही आभार. एक शेवटचं. ब्रेक दाबल्यावर खरखर आवाज आला, चाकाच्या चकतीवर नारिंगी झाक दिसतेय. पाण्यामुळे काही बिघडलं का?

लाल माती (दापोली)

नाही. लोखंडी चकती ओली झाली की तासाभरातही वरवरचा गंज धरते, दोन-चारदा ब्रेक लागला की जातो. धुतल्यावर गाडी तशीच लावून ठेवायची नाही. गल्लीत सावकाश एक फेरी मारा, ब्रेक हलके दाबत, म्हणजे ते कोरडे होतील. आणि सपाट जागा असेल तर त्या रात्री हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये लावा, ओले ब्रेक शू चिकटतात. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये टाका. एवढं करूनही खरखर राहिलीच, तर मेकॅनिकला ब्रेक पॅड दाखवून घ्या.